पळा, बसा, ओरडा! खेळातून मँडरिन शिकवणाऱ्या क्लासचा रिव्ह्यू, गुडघ्यांसकट

सरळ सांगते, मी या क्लासला लेकीला सोडायला गेले होते, शिकायला नाही. फॉर्मवर बारीक अक्षरात "पालकांनीही भाग घ्यावा" असं होतं ते मी वाचलंच नव्हतं. आत गेले तर बाकं भिंतीला सरकवलेली, मधली सगळी जमीन मोकळी, आणि लाओशींनी (लाओशी म्हणजे मँडरिनमध्ये, म्हणजे चिनी भाषेत, शिक्षक, सर असोत की मॅडम, दोघांना एकच शब्द) माझ्या हातात लाल कार्ड दिलं आणि म्हणाल्या, ताई, तुम्ही लाल मुळा. दहा मिनिटांनी मी चौदा जणांच्या गोलात उठाबशा काढत होते आणि माझी नऊ वर्षांची पोरगी माझ्याकडे बघून हसून हसून लोळत होती.

तर हा रिव्ह्यू त्या क्लासचा. नाव टाकत नाही, कारण तक्रारीपण लिहिणारे. बारा शनिवार, दर वेळी दीड तास, नऊ मुलं आणि पाच मोठी माणसं. जाहिरात अशी होती की घोकंपट्टी नाही, वही नाही, फक्त खेळ. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी मत आत्ताच देऊन टाकते: पाचपैकी साडेतीन. खेळ धमाल आहेत, शब्द बसतात, पण सगळ्याच खेळांतून बसत नाहीत, आणि कुठल्यातून बसतात याचा खेळ किती रंगला याच्याशी काही संबंध नाही. तिसऱ्या शनिवारपासून मी एकच गोष्ट बघायला लागले, की या खेळात माझ्या स्वतःच्या तोंडातून शब्द किती वेळा बाहेर पडला. पाय किती पळाले ते जाऊ दे.

मुळ्यापासूनच सुरू करते. हा चीनमधला पोरांचा जुना खेळ आहे. प्रत्येक जण एका रंगाचा मुळा, ज्याचं नाव येईल त्याने बसत-उठत तीनदा म्हणायचं की पांढरा मुळा बसतो, पांढरा मुळा बसतो, पांढरा मुळा बसतो, आणि मग दुसऱ्या कुठल्यातरी रंगावर ढकलायचं. पांढऱ्याला म्हणतात पाय. मुळा म्हणजे लुओपो, बसणं म्हणजे तुन. "पाय लुओपो तुन, पाय लुओपो तुन" असं म्हणत बसायचं आणि दुखतात पण पायच, त्यामुळे पांढरा रंग मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण या खेळाची खरी मजा लाल आणि पिवळ्यात आहे. लाल होंग, पिवळा ह्वांग. घाईत म्हटलं की दोन्ही सारखेच, आणि चुकीचा मुळा खाली बसला की आख्खा गोल ओरडतो, म्हणजे तुमचा उच्चार चुकला हे लाओशींनी सांगायची गरजच नाही, समोरचा माणूस सांगतो. मी दोन शनिवार होंगच्या नावाखाली ह्वांगला बसवत होते. तिसऱ्या वेळी नाही बसवलं. वहीत शंभर वेळा लिहून हे झालं नसतं हे मी मान्य करते.

इथेच उच्चारांचं बोलून घेते कारण हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन आठवडे वाचले असते. शब्दांची कार्डं रोमनमध्ये होती, म्हणजे पिनयिनमध्ये, चीनने १९५८ साली अधिकृत केलेली पद्धत. ती इंग्रजीसारखी वाचली की घात होतो. त्यात बी लिहिलेलं असतं पण ऐकू येतो प, आणि पी लिहिलेलं असतं तिथे येतो फ, ओठ मिटून फुंकर मारून म्हटलेला आपला खरा फ. तसंच डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे मोठा हा शब्द ता आणि तो-ती-ते सगळ्यांना मिळून एकच शब्द था. इंग्रजीतून शिकणारे या श्वासाच्या फरकावर घाम गाळतात आणि आपल्याकडे तो बाराखडीतच बसलेला. शिवाय चमचातला च आणि चिमणीतला च वेगळा हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, आणि मँडरिनमध्ये नेमकी अशीच भानगड आहे. लेकीने पहिल्या दिवशीच कार्डाच्या मागे पेन्सिलीने देवनागरीत लिहायला सुरुवात केली, लाओशींनी आधी नाक मुरडलं आणि पाचव्या शनिवारी स्वतःच इतर मुलांना तसं लिहायला सांगितलं. मीपण इथे ऐकू येतं तसंच लिहितेय, पिनयिनवाल्यांनी रागावू नये.

दुसरा खेळ म्हणजे माशा मारायच्या जाळीचा. फळ्यावर शब्दांची कार्डं चिकटवलेली, दोन टीम, दोघांच्या हातात माशा मारायचं प्लॅस्टिकचं ते, लाओशी शब्द म्हणतात, जो आधी धपकन मारेल त्याला पॉइंट. हा सगळ्यात लोकप्रिय खेळ, पोरं दर शनिवारी यासाठी हट्ट धरायची, आणि माझ्या मते सगळ्यात फुकट गेलेला वेळ पण हाच. एकतर एका वेळी दोघंच खेळतात आणि बाकीचे बारा जण बोंबलतात, तेही मराठीत. दुसरं म्हणजे बोलतात फक्त लाओशी. मारणारा तोंडातून चकार शब्द काढत नाही. आणि तिसरं, पोरं फार चालू असतात, कार्डाची जागा हलवली नाही तर शब्द नाही जागा पाठ होते. "वरून दुसरं, डावीकडे" एवढंच लेकीला माहीत होतं, त्यावर काय लिहिलंय विचारलं तर शून्य.

पण एक दिवस या खेळानेच मोठी गंमत केली. लाओशींनी फळ्यावर दोन कार्डं लावली, विकत घेणे आणि विकणे. दोन्हीचा उच्चार माय. हो, माय. फरक फक्त सुराचा, घ्यायचं असेल तर खालच्या पट्टीतला माय, विकायचं असेल तर वरून खाली आपटलेला माय. आणि लिहायला गेलं तर आजच्या सोप्या लिपीत विकणेच्या चिन्हात खाली घेणेचंच चिन्ह असतं आणि डोक्यावर दहाचं, म्हणजे अधिकच्या खुणेसारखं, बसवलेलं असतं. दोन्ही टीम एकाच कार्डावर धडकल्या, एक जाळी तुटली, आणि मग लाओशींनी नियम बदलला की मारणाऱ्याने मारता मारता शब्द सुरासकट मोठ्याने म्हणायचा, सूर चुकला तर पॉइंट समोरच्याला. त्या एका नियमाने खेळ कुठल्या कुठे गेला. हे पहिल्या दिवसापासून का नाही केलं हे मला कळलं नाही. घेणं-विकणं मिळून मायमाय म्हणजे व्यापार होतो, हे त्याच दिवशी कळलं.

सुरांसाठी वेगळे खेळ होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मँडरिनमध्ये चार सूर आणि एक हलका, बिनसुराचा. मा पहिल्या सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिव्या देणं, आणि हलका मा वाक्याच्या शेवटी लावला की प्रश्न होतो. हे उदाहरण प्रत्येक मँडरिन क्लासमध्ये पहिल्या तासाला देतातच, आम्हालापण दिलं. खेळ असा की खोलीचे चार कोपरे म्हणजे चार सूर, लाओशी शब्द म्हणाल्या की त्या कोपऱ्यात पळायचं. ऐकायला भारी. प्रत्यक्षात एक हुशार मुलगा होता, तो जिकडे पळेल तिकडे बाकीची मेंढरं, त्यात मीपण. चौथ्या शनिवारी एका बाबांनी सुचवलं की आधी डोळे मिटून बोटांनी आकडा दाखवायचा आणि मग पळायचं. तेव्हा कळलं की चौदा जणांपैकी बऱ्याच जणांना दुसरा आणि तिसरा सूर वेगळा ऐकूच येत नव्हता. मला मोजा त्यात.

आणि इथे माझी एक खरी तक्रार आहे. सुरांची कवायत म्हणून हातवारे शिकवले: पहिल्याला हात वर आडवा सरळ, दुसऱ्याला हात वर जातो, आपण चकित होऊन "हो?" विचारतो तसा, चौथ्याला पाय आपटून, "गप!" म्हणतो तसा, आणि तिसऱ्याला खाली बसून पुन्हा उठायचं. दिसायला छान. पण बोलताना तिसरा सूर बहुतेक वेळा खालीच राहतो, असा झोका घेऊन वर येतच नाही, एकटा किंवा वाक्याच्या शेवटी असला तर येतो. आणि दोन तिसरे सूर शेजारी आले तर पहिला दुसऱ्या सुरात जातो, आख्ख्या जगाला माहीत असलेलं निहाओ (नमस्कार) म्हणजे याचंच उदाहरण. आम्ही मात्र निहाओ म्हणताना दोन उठाबशा काढत होतो. ही सवय मोडायला मला नंतर घरी ऐकून ऐकून मेहनत घ्यावी लागली. शरीराला शिकवलेलं लवकर विसरत नाही हा या पद्धतीचा फायदा म्हणतात ना, मग चुकीचं शिकवलं तर तेपण विसरत नाही! सुराच्या चुकीने काय होतं त्याचा नमुना मीच दाखवला. "जरा विचारू का" म्हणायला गेले, सूर चुकला, आणि ते "कृपया मुका घ्या" असं झालं. लाओशींना खुर्ची धरून बसावं लागलं.

हुकमांचा खेळ मात्र एक नंबर. उठा, बसा, पळा, थांबा, वळा, उडी मारा. याच्यामागे एक जुनी पद्धत आहे, जेम्स आशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स. कल्पना साधी, लहान मूल आधी ऐकून करतं आणि बोलतं खूप नंतर, तर मोठ्यांनाही तसंच शिकवा, बोलायची घाई नको. मँडरिनला हे फारच फिट बसतं कारण क्रियापदाची रूपं बदलतच नाहीत. फाओ म्हणजे पळणं, मग मी पळो, तू पळ, ते काल पळाले, फाओच. आपल्यासारखं पळतो पळते पळाला पळाली पळालेलं काही नाही. त्यामुळे हुकूम शिकलात की क्रियापद शिकलात. चान छीलाय उठा, त्स्वो श्या बसा. दोन शनिवारांत वीस-एक क्रियापदं झाली आणि ती आजही पक्की आहेत. फाओ आणि पाओमध्ये मात्र गडबड व्हायची, पाओ म्हणजे पोट भरलं, तर लाओशी पाओ म्हणाल्या की पोटावर हात ठेवायचा आणि फाओ म्हणाल्या की पळायचं. पोटावर हात ठेवून पळणारे पाच जण दर वेळी असायचे.

सहाव्या शनिवारपासून हुकूम आम्ही द्यायचे आणि लाओशींनी करायचं असं उलटं केलं, तेव्हा शब्द खरंच तोंडात बसले. मोठ्या माणसाला उड्या मारायला लावायचं म्हटल्यावर कुठलं पोर गप्प बसेल.

आकडे. आकड्यांवर मी निबंध लिहू शकते. एकदा अकरा म्हणजे दहा-एक, वीस म्हणजे दोन-दहा, सत्तावीस म्हणजे दोन-दहा-सात हे कळलं की ९९ पर्यंत संपलं. आणि आपल्याकडे? सत्तावीस, सदतीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सात तोच पण दर वेळी वेगळा मुखवटा लावून येतो. माझी लेक अजून एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये अडखळते आणि मँडरिनमध्ये ९९ पर्यंत धडाधड मोजते. खेळ होता साताचा: गोलात उभं राहून मोजायचं, सात, साताच्या पटीतला किंवा ज्यात सात आहे तो आकडा आला की टाळी. रंगतो, आणि प्रत्येकाला सतत पुढचा आकडा मनात म्हणावाच लागतो, त्यामुळे नंबर नसतानाही डोकं मँडरिनमध्येच चालू.

चार आणि दहाचा गोंधळ वेगळाच. चार म्हणजे स्स, दहा म्हणजे जीभ मागे वळवून श्श. चौदा श्श-स्स, चाळीस स्स-श्श. ऐकताना सिलेंडर गळतोय असं वाटतं. लाओशी आकडा ओरडायच्या आणि तेवढ्या जणांचा गट करायचा, त्या स्स म्हणाल्या की चौघं जण चारचा गट करायचे आणि उरलेले दहा जण एकमेकांना मिठ्या मारून उभे. चीनच्या दक्षिणेकडचे बरेच लोक स्वतःच स आणि श एकसारखा बोलतात हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्यावर तोडगा म्हणून एका हाताने दहापर्यंत दाखवायच्या खुणा शिकवल्या, सहाला अंगठा आणि करंगळी, आठला अंगठा आणि तर्जनी, दहाला दोन तर्जन्यांची फुली (यात दुसरा हात लागतो, पण मूठ दाखवली तरी चालते म्हणे). शेवटी यावरचं एक जुनं जीभ-वळवणं पण म्हणून घेतलं, चार ते चार, दहा ते दहा, चौदा ते चौदा, चाळीस ते चाळीस, आपल्या काळे राळे गोरे राळेच्या जातीचं. तेव्हाच पोरं शांत झाली, म्हणजे दमली.

आता माझा सगळ्यात आवडता. म्हातारा लांडगा. हापण चीनमधल्या पोरांचा जुनाच खेळ. एक जण लांडगा होऊन पाठ करून चालतो, बाकीचे मागून येत सगळे मिळून विचारतात, "लाओ लांग, लाओ लांग, ची त्येन ल?" म्हणजे लांडगोबा, किती वाजले? तो सांगतो एक वाजला, दोन वाजले, आणि बारा म्हणाला की वळून धरायला धावतो. थोडक्यात लांडग्याचे बारा वाजले की आपले बारा वाजले. आता यात बघा काय काय होतं. प्रश्न चौदापैकी तेरा जण दर वेळी म्हणतात, म्हणजे एका डावात बारा वेळा पूर्ण वाक्य, एकत्र, त्यामुळे लाजरी मुलंपण म्हणतात, कोणाचा एकट्याचा आवाज उघडा पडत नाही. उत्तर कान देऊन ऐकावंच लागतं, नाहीतर पकडले जाता. आणि एक बारकं व्याकरण फुकटात मिळतं: आकडा दोन म्हणजे अर, पण दोन वाजले म्हणताना अर चालत नाही, तिथे ल्यांग म्हणायचं. हे पुस्तकात अर्ध्या पानाचा नियम म्हणून असतं. आमच्याकडे लांडगा अर म्हणाला की पोरं "ल्यांग! ल्यांग!" ओरडून त्यालाच दुरुस्त करायची. सामान काही लागत नाही, कार्ड नाही, फळा नाही. दिसायला सगळ्यात साधा आणि कामाला सगळ्यात भारी. रुमाल टाकायचा खेळपण घेतला एकदा, आपल्या मामाचं पत्र हरवलं सारखाच, मजा आली, शब्द एकही मिळाला नाही, पुढे.

वस्तू मोजायच्या शब्दांचा रिले ठीकठाक. मँडरिनमध्ये नुसतं "तीन पुस्तकं" म्हणता येत नाही, मधे एक मोजणीचा शब्द लागतोच, आपण पाच जण म्हणताना जण लावतो तसा, पण तिथे प्रत्येक वस्तूला. कागद, टेबल, तिकीट अशा सपाट गोष्टींना चांग, पुस्तकाला पन, छत्री, चाकू, खुर्ची अशा हाताने धरायच्या गोष्टींना पा, आणि लांबुळक्या वळणाऱ्या गोष्टींना थ्याओ: मासा, नदी, रस्ता आणि पँट! वस्तू उचलून पळत जाऊन बरोबर खोक्यात टाकायची. पँट आणि मासा एकाच खोक्यात जाताना बघून लेकीला ते जे कळलं ते मी समजावून कधीच कळलं नसतं. फक्त इथेपण तोच दोष, टाकताना बोलायची सक्ती नव्हती. खोक्यात पडलेला मासा बरोबर, तोंडातला शब्द कुठाय? मी लाओशींना म्हटलं तर त्या म्हणाल्या, वेळ पुरत नाही ताई.

बाकीच्या तक्रारी पटापट. बाद व्हायचे खेळ फार. मुळा, टाळी, हुकूम, सगळ्यात जो चुकेल तो भिंतीपाशी जाऊन बसणार, म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच प्रेक्षक, आणि ज्याला येतंय तो अजून वीस मिनिटं सराव करतोय. एक छोटी मुलगी सलग तीन शनिवार पहिल्या पाच मिनिटांत बाहेर, चौथ्या वेळी आलीच नाही. नंतर बाद झालेल्यांना पंच केलं, चूक दिसली की बरोबर शब्द म्हणून शिट्टी, ते छान चाललं, पण ती मुलगी काही परत आली नाही. उजळणीची शिस्तपण नाही. दुसऱ्या शनिवारचे प्राणी थेट नवव्या शनिवारी पुन्हा भेटले, तोपर्यंत मांजर माओ सोडून सगळे पळाले होते, आणि माओ राहिलं कारण ते मांजर स्वतःच सांगतं. दर वेळी पहिली दहा मिनिटं जुन्या शब्दांना दिली असती तरी खूप झालं असतं. आणि वही नाही वही नाही म्हणून इतका हट्ट की घरी काय करायचं ते कोणालाच माहीत नाही. मी चोरून वही केली. त्यात शेवटी ११८ शब्द झाले, एचएसके (चीनची अधिकृत मँडरिन परीक्षा) जुन्या सहा पातळ्यांची होती तेव्हा पहिल्या पातळीला १५० लागायचे, म्हणजे बारा शनिवारांत वाईट नाही. त्यातले न बघता मला ८० च्या आसपास येतात, लेकीला जास्त येतात पण ती आकडा सांगत नाही, म्हणते तू हरशील.

मोठ्या माणसांनी जावं का असं दोघी-तिघींनी विचारलं. जा, पण बूट चांगले घाला आणि उठाबशांच्या खेळात रंगांची नावं आधीच पाठ करून जा, म्हणजे कमी बसावं लागतं.

पुढची बॅच लिपीची आहे, चिन्हं लिहायची. लेक म्हणतेय बसून करायचं असेल तर मी नाही येत. मी नाव घातलंय. कोणी ती बॅच केली असेल तर सांगा, त्यातपण पळवतात का?